खाला

वीतभर लांबी, हाताच्या पंजाएवढी रुंदी. रंग पिकल्या जांभळाचा, त्यावर पिवळ्या रेशमात विणलेले छोटे छोटे अननस. तोंडाशी दोन्हीकडून ओढायची दोरी, दोरीच्या टोकांना गोंडे. आत मांजरपाटाचं अस्तर, आणि त्या अस्तराच्याही आड, बोट घालून चाचपल्याशिवाय कळणार नाही असा एक चोरकप्पा. हा बटवा म्हणजे आमची खाला. आम्ही चौघं मित्र आजवर दोनदा देशाबाहेर गेलो. दोन्ही वेळा पाठीवर सॅक टाकून, कमीत कमी पैशांत. आणि दोन्ही वेळा कुठे उतरायचं, काय खायचं, बसने जायचं की पायी, यात शेवटचा शब्द तिचा होता.

आम्ही एकमेकांना मोहल्ल्याच्या नावाने हाक मारतो. कॉलेजात एकाच नावाचे तिघं वर्गात होते, तेव्हा लागलेली सवय. शहागंज, सिडको, भीमनगर आणि मी औरंगपुरा. सिडको ही आमच्यातली एकटी मुलगी. बटवा आला तो शहागंजच्या घरातून. त्याच्या खालाने, म्हणजे मावशीने, हिमरूच्या शालीचा एक उरलेला तुकडा कैक वर्षं पेटीत जपून ठेवला होता. तिच्या माहेरी माग होता. आम्ही २०२२च्या दिवाळीत नेपाळला निघालोय हे कळल्यावर तिने तो तुकडा काढला, रात्रीतून बटवा शिवला आणि दुसऱ्या दिवशी भाच्याच्या हातात ठेवला. "सबके पैसे एकमें रखो बेटा. झगडा कम होता."

भांडणं कमी झाली नाहीत. लवकर मिटली मात्र.

हिमरू आमच्या गावचं, छत्रपती संभाजीनगरचं कापड. ताणा सुती, बाणा रेशमी. मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्या लोंढ्यातून विणकर इकडे आले आणि राजधानी परत गेली तरी ते इथेच राहिले, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगतात. म्हणजे हे कापडच मुळात वाट तुडवून आलेलं. हिमरूची सुलट बाजू जेवढी नेटकी, तेवढीच उलट बाजू मोकळी असते. बुट्टीसाठी लागणारे रेशमाचे धागे मागच्या अंगाने एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत तसेच सैल जातात. त्यात अंगठी अडकते, नाण्याची कड अडकते, म्हणून खालाने आतून मांजरपाट लावलं होतं. तरी शिवणीजवळ बोट घातलं की ते सैल धागे हाताला लागायचे. प्रवासात रात्री-अपरात्री खिशात हात घालून बटवा आहे ना हे बघायचं असलं, की मी त्या धाग्यांवरूनच ओळखायचो.

नेपाळ का, तर तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही आणि विमानही लागत नाही. जमिनीवरून जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधार कार्ड मात्र आमच्या वयाच्या माणसाचं चालत नाही. ही गोष्ट भीमनगरला निघायच्या दोन दिवस आधी कळली. त्याच्या आईने सगळं कपाट उपसून त्याचं मतदार ओळखपत्र शोधून काढलं, आणि त्याच कपाटातल्या साडीच्या घडीतून शंभराची एक नोट काढली. "लुंबिनीला दानपेटीत टाक. माझ्या नावाने." त्या माउलीला स्वतःला जायचं होतं. लेणी, विद्यापीठ, नागसेनवन यांच्या सावलीत आयुष्य गेलेलं आणि लुंबिनी राहून गेलेली. ती नोट आम्ही चोरकप्प्यात ठेवली.

बाकीचे पैसे सहा-सहा हजार, चौघांचे मिळून २४,०००. त्या वेळी नेपाळात शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट चालत नव्हती. तिथल्या सरकारने २०१८च्या डिसेंबरात दोनशे, पाचशे आणि दोन हजारांच्या नोटांवर बंदी घातली होती. म्हणून शंभराच्या २४० नोटा. दोन कोरी बंडलं आणि वर सुट्या चाळीस. बँकेच्या काउंटरवरच आम्ही त्या बटव्यात भरल्या. दोरी ओढली तेव्हा तो पोट सुटलेल्या, भरल्या घरच्या बाईसारखा दिसला. शहागंज म्हणाला, "अरे, ये तो खाला दिखरी." नाव तिथेच पडलं.

तसं आमच्याकडे हिशेबाचं अ‍ॅप होतं. ते मनमाडपर्यंत टिकलं. मनमाडला काशी एक्सप्रेसची वाट बघत तीन चहा घेतले, एकाने पैसे दिले, आणि अ‍ॅपने सांगितलं की शहागंजने औरंगपुऱ्याला दहा रुपये देणं आहे. वाचून आम्ही चौघंही गप्प झालो. दहा वर्षांची दोस्ती, आणि मोबाइलच्या काचेवर दहा रुपयांचं देणं लाल अक्षरांत. सिडकोने ते तिथेच पुसलं. अ‍ॅपला प्रत्येकाचं नाव पाठ असतं. खालाचं तसं नव्हतं. तिच्या पोटात गेलेली नोट कुणाच्या खिशातून आली हे तिला आठवत नसे, आणि काढताना आम्हालाही. शहागंजच्या घरची परिस्थिती त्या वर्षी ओढाताणीची होती. त्याचे सहा हजार कसे जमले ते आम्हाला माहीत होतं. पण एकदा बटव्यात गेल्यावर त्याचा चहा कुणी पाजला, हा प्रश्नच उरला नाही. या एका गोष्टीसाठी मी तिला फार मानतो.

नियम एकच केला होता : गरज खालाची, हौस ज्याची त्याची. खोली, बस, जेवण ही गरज. बाकी हौस. ऐकायला सोपं वाटतं. पण चहा काय? सिडको चहा पीत नाही, मग तिच्या वाट्याचं काय? संडासाचे पाच रुपये गरज, हे सगळ्यांना मान्य. पोखऱ्याच्या फेवा तलावातली होडी हौस, हेही मान्य. पण पाण्याची बाटली? थंड पाण्याची बाटली? गरज आणि हौस यांच्यामधली रेघ प्रत्येकाच्या घरात वेगळ्या ठिकाणी मारलेली असते, हे आम्हाला त्या दहा दिवसांत कळलं.

काशी एक्सप्रेसने दीड दिवसात गोरखपूर. त्या दीड दिवसात खालाची दोरी जवळजवळ सुटलीच नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सिडकोच्या आईने दिलेल्या शंकरपाळ्या. पुढे जीपने सोनौली. परदेश म्हणजे विमान, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं, आणि आम्ही एका कमानीखालून पायी चालत दुसऱ्या देशात गेलो. समोरून एक माणूस सायकलला भाजीच्या गोण्या लावून भारतात येत होता. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं होतं, एवढाच फरक. पलीकडच्या पहिल्याच टपरीवर विचारलं गेलं, "आयसी कि एनसी?" इंडियन करन्सी की नेपाळी. भारताचे शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर वर्षानुवर्षं पक्का बांधलेला आहे. खालाच्या पोटात आता दोन देश नांदायला लागले. मध्ये बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा घातला, इकडे आयसी, तिकडे एनसी.

तिला रोज एकाने सांभाळायचं ठरलं होतं. ज्याच्या कमरेला ती, तो माणूस त्या दिवसापुरता पार बदलून जायचा. भीमनगर एरवी इतका सढळ की त्याच्या खिशात पैसा टिकत नाही. खाला त्याच्याकडे आली की तो केळी मोजून घ्यायचा. शहागंजच्या हातात आली की तो कडक व्हायचा. सगळ्यांत कमी पैसे ज्याच्या घरी, तो सगळ्यांच्या पैशाला सगळ्यांत जपायचा. सिडको झोपायच्या आधी गादीवर नोटा पसरून मोजायची आणि एक आकडा बोलायची. त्या आकड्यावर दुसऱ्या दिवशीचं जेवण ठरायचं. माझ्याकडे असली की माझा हात सारखा कमरेकडे. डोंगर बघायचा सोडून मी तिलाच चाचपत बसायचो. शहागंज लांबून ओरडायचा, "खाला क्या बोलरी?" आणि मी उरलेला आकडा सांगायचो.

बुटवल, पाल्पा करत बस पोखऱ्याला पोचायला पूर्ण दिवस लागला. पाठीवर सॅक, पुढे पोटावर दुसरी पिशवी, चारशे रुपयांत चौघांना खोली मिळेना म्हणून गल्लीगल्लीत विचारत फिरणं. तेव्हा मला आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरचे गोरे लोक आठवले. लहानपणी बघायचो. डोक्यापेक्षा उंच सॅक घेऊन अजिंठ्याच्या एसटीची वाट बघत उभे, हातात केळी आणि पाण्याची बाटली. आम्हाला वाटायचं, एवढे पैसेवाले लोक केळ्यावर का राहतात? त्यांच्यातल्याही कुणाच्या कमरेला असाच एखादा बटवा असणार, आणि रात्री कुणीतरी आकडा सांगत असणार, हे मला पोखऱ्यात कळलं.

सगळ्यांत मोठं भांडण सारंगकोट टेकडीचं. पहाटे वरून माछापुछ्रेवर पडणारं पहिलं ऊन बघायचं होतं. टॅक्सी की पायी? खाला शहागंजकडे होती. त्याने दोरी ओढून घेतली. टॅक्सी म्हणजे हौस. सिडकोच्या टाचेला आदल्या दिवशीच फोड आला होता, पण ती काही बोलली नाही. पहाटे तीनला निघालो. अंधारात मोबाइलच्या उजेडात चढ, मध्ये कुत्र्यांची भुंक, धाप. वर पोचलो तेव्हा पूर्व नुकती फटफटत होती. मग त्या माशाच्या शेपटीच्या आकाराच्या शिखराच्या टोकाला एक गुलाबी ठिपका लागला आणि बघता बघता खाली उतरत आला. सगळे उभे राहून बघत होते. सिडको एका दगडावर बसून बूट काढत होती. मोजा टाचेला चिकटला होता, रक्ताने. शहागंजने ते पाहिलं. डोंगराकडे पाठ करून तो तिच्यासमोर खाली बसला, कमरेची खाला सोडली आणि तिच्या मांडीवर ठेवली. दोघंही काही बोलले नाहीत. खाली आलो ते टॅक्सीने. त्यानंतर कुणाच्या अंगाला लागलेली गोष्ट ही गरज, असा नियमात आपोआप बदल झाला.

आणि मग भाऊबीज आली. तिकडे तिहार. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पोखऱ्यातल्या कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळावर टिळे होते. भाऊबीजेच्या दिवशी आम्हाला काठमांडूला निघायचं होतं, पण सणामुळे गाडीच नव्हती. म्हणजे खोलीचा एक दिवस वाढला, जेवणाचा एक दिवस वाढला. आम्ही पायऱ्यांवर हिरमुसून बसलो होतो. घरमालकीण दिदीने ते पाहिलं आणि आम्हा तिघा पोरांना अंगणात बोलावून चटईवर ओळीने बसवलं. आमच्याभोवती तिने तेलाची धार सोडत फेरी मारली, उंबऱ्यावर अक्रोड ठेवून दगडाने फोडला. मग कपाळावर सात रंगांचा टीका, एकाखाली एक सात ठिपके, प्रत्येक ठिपक्याला काडी वेगळी. गळ्यात मखमलीच्या फुलांची जांभळी माळ, जी वाळली तरी रंग सोडत नाही. पानात सेलरोटी. तिच्या सात वर्षांच्या मुलासमोर तिने सिडकोला बसवलं, बहीण म्हणून. त्याने टीका लावून घेतला आणि मुठीत घामेजलेली दहाची नोट सिडकोच्या हातावर ठेवली. नोटेच्या एका बाजूला सगरमाथा, दुसऱ्या बाजूला काळवीट.

आता ओवाळणी. रोज दहा-दहा रुपयांवर वाद घालणारे आम्ही. त्या क्षणी तीन हात एकदम खालाकडे गेले. गरज की हौस, असं कुणी विचारलं नाही. तिच्या ताटात प्रत्येकी पाचशे. तिने नको नको म्हणत दोन वेळा परत केले, मग शहागंज म्हणाला, "दिदी, आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत." रात्री सिडकोने नोटा मोजल्या आणि आकडा सांगितला. काठमांडू राहिलं. पशुपतिनाथ राहिला, भक्तपूर राहिलं. मी त्या रात्री नीट झोपलो नाही. एवढ्या लांब येऊन, एका बसच्या अंतरावर आणि परत फिरायचं. स्वस्तातल्या प्रवासाचं खरं दुखणं हेच आहे. खडबडीत गादी, उपाशी पोट हे विसरतं माणूस. न पाहिलेलं विसरत नाही.

भैरहव्याला उतरलो तेव्हा सोनौली-गोरखपूरचं भाडं बाजूला काढल्यावर एका वेळच्या जेवणापुरतेही पैसे उरले नव्हते. परतीचं रेल्वेचं तिकीट आधीच काढलेलं, पण गाडीत दीड दिवस खायचं काय? भीमनगर स्वतःच म्हणाला, "चोरकप्प्यातली काढा. आई समजून घेईल." त्याचा आवाज खाली गेला होता. सिडकोने खाला त्याच्या हातातून घेतली, दोरी घट्ट ओढली. "ती खालाची नाही." खालाच्या पोटातली तेवढी एकच नोट नाव असलेली होती.

लुंबिनीत मायादेवी मंदिराच्या मागे अशोकाचा स्तंभ आहे. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे. भीमनगर तिथे बराच वेळ उभा राहिला. मग बागेत येऊन त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला, झाडं दाखवली, तलाव दाखवला, पताका दाखवल्या. पलीकडून आवाज नव्हता, फक्त पदर डोळ्याला लागलेला दिसत होता. चोरकप्प्यातून नोट काढताना तिच्या घडीत हिमरूचा एक पिवळा धागा अडकून बाहेर आला. त्याने तो तोडला नाही. नोट सोडवून घेतली, धागा आत सारला. परतीच्या गाडीत आम्ही चुरमुरे आणि चणे खाल्ले, आणि दिदीने वर्तमानपत्रात बांधून दिलेल्या उरल्यासुरल्या सेलरोट्या.

दुसरी वारी व्हिएतनामची, २०२४च्या फेब्रुवारीत. तोवर तिघं नोकरीला लागले होते, तरी पैसे मोजूनच. रात्रीची देवगिरी, मुंबई, तिथून सात किलोची एक पिशवी एवढंच सामान नेऊ देणारं स्वस्त विमान. खालाला ही वारी जड गेली. तिथे आपल्या एका रुपयाला जवळपास तीनशे डोंग. म्हणजे तिच्या पोटात एकदम कोटीची भाषा. आणि नोटा प्लास्टिकच्या, गुळगुळीत, दोरी ढिली असली की सरसर बाहेर. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी. होई आनमध्ये एका आजीच्या गाड्यावर उसाचा रस प्यायलो, अगदी आपल्या रसवंतीसारखा, फक्त त्यात छोटं आंबट लिंबू सालीसकट पिळलेलं. वीस हजार दिले आणि निघालो. शंभर पावलं गेलो असू, मागून हाका. आजी टोपी सावरत धावत येत होती, हातात आमची निळी नोट. पाच लाखांची. तिच्या मागे गाडा उघडा पडलेला, गिऱ्हाईक उभं. तिने नोट माझ्या हातात न देता सिडकोच्या हातातल्या खालाचं तोंड स्वतः उघडलं, नोट आत कोंबली, दोरी ओढली आणि त्या गोंड्यांवर एक चापट मारली. मग बुट्टीवरून अंगठा फिरवून काहीतरी बोलली. कळलं नाही, पण विणकामाकडे बघणाऱ्या बाईचं ते बघणं मी घरी खूपदा पाहिलंय.

होई आनहून आम्ही ‘मी सन’ला गेलो. चंपा राजांची विटांची शिवमंदिरं. तिकीट दीड लाख डोंग, स्थानिकांपेक्षा जास्त. वेरूळला आपण चाळीस रुपये देतो आणि परदेशी माणूस सहाशे, तेव्हा रांगेच्या त्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं ते खालाने भोगलं. १९६९च्या अमेरिकन बॉम्बफेकीत यातलं मोठं देऊळ कोसळलं, खड्डे अजून दिसतात. काही देवळांची डागडुजी भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी केली, आणि ते काम चालू असताना २०२०मध्ये अखंड दगडाचं एक शिवलिंग मातीतून वर आलं. घरापासून तीस किलोमीटरवर कैलास लेणं असलेले आम्ही, इतक्या दूर विटांच्या ढिगाऱ्यात शिवापुढे उभे. भीमनगर म्हणाला, "आपल्याकडे डोंगर कोरला, यांनी वीट वीट रचली." बराच वेळ कुणी निघायचं नाव घेईना. दीड लाख डोंग वसूल झाले, असं त्या रात्री हिशेब करताना सिडको म्हणाली आणि आकडा सांगायचाच विसरली.

परत आल्यावर पाहिलं तर खालाची एक शिवण उसवली होती, एका अननसाचे धागे सुटून लोंबत होते, तळाला डाळीचा डाग. मागच्या रमजान ईदला शीरखुर्मा झाल्यावर शहागंजच्या घरी आम्ही तिला खऱ्या खालाच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, बटवा उलटा केला. आतून दहाची नेपाळी नोट निघाली, हजार डोंगच्या दोन कागदी नोटा निघाल्या, आणि वाळलेलं मखमलीचं एक फूल, अजून जांभळं. तिने एकेक वस्तू ताटलीत नीट मांडली. डागावरून बोट फिरवलं. तो काढते म्हणाली नाही.

"इस रंग का रेशम अब नै मिलता," म्हणून तिने काळा धागा घेतला. सुई सिडकोने ओवून दिली. संध्याकाळ झाली होती, खिडकीचा उजेड पुरेना. आम्ही मोबाइलचे दिवे तिच्या हातांवर धरून बसलो. सुटलेले रेशमी धागे ती सुईच्या टोकाने एकेक करून आत सारत होती.

"अब के किधर जारे?"

"श्रीलंका," शहागंज म्हणाला. "पैसे जमले की."

सुई थांबली. तिने दोरी हातात घेऊन ओढून पाहिली, गोंड्याजवळ ती विरली होती.

"तो फिर दोरी बी नवी डालती मैं."